कर्करोगाची वाट दाखविणारा रंग

(सोसायटीच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



कार्यकारिणीने मला ‘कर्करोग आणि आधुनिक तंत्रज्ञान’ या विषयावर बोलण्यास सांगितले होते. हा विषय एका संध्याकाळी आटोपण्यासारखा नाही. म्हणून त्यातला एकच लहान भाग मी घेतला आहे. कर्करोग मूळ जागेवरून निघून लसिकाग्रंथींपर्यंत पोचला आहे की नाही, हे चमकणाऱ्या रंगाच्या मदतीने पाहण्याची एक पद्धत आहे. तिच्याबद्दल बोलावे असे मला वाटले, याचे कारण या पद्धतीबद्दलचा एक गैरसमज शिकलेल्या लोकांतही आढळतो. रंग टोचला की शरीरातला कर्करोग कॅमेऱ्यात हिरवा चमकतो आणि डॉक्टर तेवढाच कापून काढतात, असे लोकांना वाटते. तसे होत नाही. मग काय होते, ते क्रमाने पाहू.

लसिकाग्रंथी हा शब्द पुस्तकी वाटला तरी वस्तू तुमच्या ओळखीची आहे. पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत दुखरा गोळा येतो. आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या त्याला ‘अवधाण आले’ म्हणतात. ती सुजलेली लसिकाग्रंथी. शरीरात अशा सुमारे ६०० ग्रंथी आहेत. मान, काख आणि जांघ या ठिकाणी त्यांचे झुबके असतात. रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांचे एक जाळे अंगभर पसरलेले आहे. त्या द्रवाला लसिका म्हणतात. वाटेत ती या ग्रंथींतून गाळली जाते. हत्तीरोगात याच नळ्या जंतांमुळे निकामी होतात, द्रव साचतो आणि पाय खांबासारखा सुजतो. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्तनातली लसिका मुख्यतः काखेतल्या ग्रंथींकडे जाते. जिभेची आणि गालाच्या आतल्या अस्तराची मानेकडे जाते. कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीतून सुटल्या की बहुधा याच वाटेने आधी जवळच्या ग्रंथीत येतात. त्यामुळे ग्रंथीत रोग आहे का, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे बरेचसे उपचार ठरतात.

हे उत्तर मिळविण्याचा जुना मार्ग सरळ होता. सगळ्याच ग्रंथी काढायच्या. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपल्या ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ते संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळे एकत्र काढीत. त्या काळात गाठ मोठी होऊन फुटल्यावर स्त्रिया येत, तेव्हा हॉल्स्टेड यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्यांची रीत पुढे पाऊणशे वर्षे जवळजवळ तशीच चालू राहिली. स्नायू काढणे नंतर थांबले, तरी काख साफ करणे चालूच राहिले. एका काखेतून २० ते ३० ग्रंथी निघत, आणि गाठ लहान असलेल्या कितीतरी स्त्रियांच्या बाबतीत त्यांतल्या एकीतही रोग नसे.

रोग नसताना काढलेल्या ग्रंथींची किंमत कोण मोजते? लसिकेचा रस्ता तुटला की हात सुजतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, काख साफ केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचातील एकीला ही सूज येते असे दिसून आले. कोणाला सहा महिन्यांनी, कोणाला पाच वर्षांनी. हात जड होतो, बांगड्या चढत नाहीत, ब्लाऊजची बाही उसवावी लागते, दंडाची आतली बाजू बधिर राहते, खांदा आखडतो. टेबलाशी बसून काम करणारी स्त्री कसेबसे निभावते. पण जिला चार घरची धुणीभांडी करायची आहेत, विटा उचलायच्या आहेत, भाजीची पाटी डोक्यावर घ्यायची आहे, तिचा हात गेला म्हणजे रोजगार गेला. मोठ्या शहरांतल्या परिषदांत या गोष्टीवर फार थोडा वेळ खर्च होतो, असे माझे निरीक्षण आहे.

यातून एक साधी कल्पना पुढे आली. गावाला वेस असते. बाहेरून येणारा माणूस प्रथम वेशीवरच्या पहारेकऱ्याच्या नजरेस पडतो. मग एखाद्या अवयवातून निघालेली लसिका ज्या ग्रंथीत सर्वांत आधी शिरते, ती ग्रंथी शोधून तेवढीच तपासली तर? तिच्यात रोग नसेल तर मागच्या ग्रंथींतही बहुधा नसणार. इंग्रजीत तिला सेंटिनल नोड म्हणतात, आपण पहारेकरी ग्रंथी म्हणू. रॅमॉन काबान्यास यांनी १९७७ साली शिश्नाच्या कर्करोगाच्या संदर्भात ही कल्पना मांडली. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात निळा रंग टोचून ती ग्रंथी प्रत्यक्ष शोधून दाखविली. १९९३ मध्ये डेव्हिड क्रॅग यांनी स्तनाच्या कर्करोगात किरणोत्सारी पदार्थ वापरला. १९९४ मध्ये आर्मांडो ज्युलियानो यांनी निळ्या रंगाने स्तनाच्या कर्करोगातील १७४ शस्त्रक्रिया नोंदविल्या. त्यांपैकी ११४ वेळा पहारेकरी ग्रंथी सापडली, आणि सापडली तेव्हा तिने काखेची स्थिती १०९ वेळा बरोबर सांगितली. म्हणजे अडचण कल्पनेत नव्हती, ग्रंथी सापडण्यात होती.

निळ्या रंगाची मर्यादा उघड आहे. कातडी उघडून आत पाहिल्याशिवाय तो दिसत नाही, आणि चरबीत, रक्तात हरवतो. काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी येते. किरणोत्सारी टेक्नेशियम अधिक भरवशाचे, पण त्याचे किरणोत्सर्जन दर सहा तासांनी निम्मे होते. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग हवा, परवाने हवेत, मोजणारे यंत्र हवे. जिल्ह्याच्या गावी हे कोठून आणायचे?

येथे चमकणारा रंग येतो. विद्यार्थी मित्रांनी आता जरा लक्ष द्यावे.

काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि लगेच दुसऱ्या, अधिक लांब तरंगलांबीच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. याला फ्लुओरेसन्स म्हणतात. केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली हे नाव दिले. शोषलेल्या ऊर्जेतली थोडी आतल्या आत खर्ची पडते, म्हणून बाहेर येणारा प्रकाश कमी ऊर्जेचा, म्हणजे लांब तरंगांचा असतो. हे नवल तुमच्या घरातही आहे. आज सभागृहात पांढऱ्या शुभ्र साड्या आणि सदरे दिसत आहेत. त्यांच्या शुभ्रपणात टिनोपॉलचा वाटा आहे. टिनोपॉल उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते, त्यामुळे पिवळट कापडही पांढरे भासते. नोटेतले काही तंतू अतिनील दिव्याखाली चमकतात, तेही याच तत्त्वाने.

एका नेत्रतज्ज्ञ मित्राकडून मी कागदाची एक केशरी पट्टी आणली आहे. डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा आहे का, हे पाहण्यासाठी ते ही पट्टी वापरतात. तिच्यावर फ्लुओरेसीन नावाचा रंग आहे. ती या पाण्यात बुडवतो आणि निळी बॅटरी लावतो.

(येथे वक्त्यांनी सभागृहातील दिवे मालवून प्रयोग दाखविला. पेल्यातील पाणी पोपटी हिरवे चमकू लागले. – संपादक)

हा झाला डोळ्यांना दिसणारा प्रकार. शस्त्रक्रियागृहात आज सर्वाधिक वापरला जातो तो रंग वेगळा आहे. त्याचे नाव इंडोसायनिन ग्रीन. कोडॅक या फोटोच्या फिल्म बनविणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हृदयातून दर मिनिटाला किती रक्त वाहते हे मोजण्यासाठी तो वापरू लागले, आणि १९५९ मध्ये त्याला तेथे सरकारी मान्यता मिळाली. पुढे यकृताच्या व डोळ्याच्या तपासण्यांत त्याचा उपयोग झाला. म्हणजे औषध जुनेच आहे, फक्त त्याच्यावर नव्या कॅमेऱ्याची नजर पडली. शिरेतून दिल्यास तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, यकृतातून पित्तावाटे निघून जातो आणि काही मिनिटांतच रक्तातून ओसरतो. त्यात थोडे आयोडीन असते, म्हणून आयोडीनची ॲलर्जी असलेल्यांनी ती आधी सांगितली पाहिजे.

या रंगाची खुबी त्याच्या तरंगलांबीत आहे. माणसाचा डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश पाहतो. इंडोसायनिन ग्रीन सुमारे ८०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि त्याहून थोड्या लांब तरंगांचा प्रकाश सोडतो. हा अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही. पण रक्तातले हिमोग्लोबिन आणि शरीरातले पाणी या पट्ट्यातला प्रकाश फारसा अडवीत नाहीत, त्यामुळे तो सुमारे एक सेंटिमीटर मांसातून पार होतो. लहानपणी मुठीत बॅटरी धरून बोटे लाल झालेली आपण पाहिली आहेत. लाल प्रकाश आरपार येतो, निळा येत नाही. लालच्याही पलीकडच्या प्रकाशाचा प्रवास याहून सोपा असतो.

प्रत्यक्षात काय करतात? रुग्ण भुलीखाली असतो. स्तनाच्या बोंडाभोवती किंवा गाठीजवळ रंगाचा थोडासा द्रव टोचतात आणि हलके चोळतात. शस्त्रक्रियागृहातले मोठे दिवे बाजूला वळवावे लागतात, कारण त्यांच्या प्रकाशातही अवरक्त किरण असतात. मग खास कॅमेरा धरला की पडद्यावर एक उजळ रेघ काखेच्या दिशेने सरकताना दिसते. कातडी न कापता, डोळ्यांदेखत लसिका वाहते आहे! मी हे पुष्कळदा पाहिले आहे, तरी दर वेळी हातातले काम क्षणभर थांबते. पडद्यावर दिसणारा हिरवा रंग हा यंत्राने भरलेला असतो, मूळ प्रकाशाला आपल्या डोळ्यांच्या लेखी रंगच नाही. रेघ जेथे काखेत बुडी मारते तेथे लहानसा छेद घेऊन चमकणारी ग्रंथी काढतात. जपानमध्ये २००५ साली १८ रुग्णांवर हा प्रयोग स्तनाच्या कर्करोगासाठी प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १७ जणींत ग्रंथी सापडली.

आता मूळ मुद्दा. ही ग्रंथी चमकते ती कर्करोगामुळे नव्हे. रंगाला कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी यांतला फरक कळत नाही. पाण्यात टाकलेले फूल ओढ्याची दिशा दाखविते, ओढ्याचे पाणी दूषित आहे की नाही ते सांगत नाही. कर्करोग आहे की नाही हे ठरवितो सूक्ष्मदर्शक, आणि त्यावर डोळा लावून बसलेला पॅथॉलॉजिस्ट. तो ग्रंथीच्या पातळ चकत्या करून, रंगवून, एकेक तपासतो. वर्तमानपत्रात कॅमेऱ्याचा फोटो येतो, या माणसाचा येत नाही.

याची दुसरी बाजू आणखी महत्त्वाची आहे. ग्रंथी कर्करोगाने पूर्ण भरली असेल तर लसिकेला आत शिरायला जागाच राहत नाही. ती वाट बदलते आणि शेजारच्या निरोगी ग्रंथीत जाते. मग पडद्यावर निरोगी ग्रंथी उजळते आणि सर्वांत रोगट ग्रंथी अंधारात राहते. म्हणून चांगला शल्यचिकित्सक कॅमेरा बाजूला ठेवून काखेत बोट फिरवितो आणि जी ग्रंथी कडक लागेल ती चमकत नसली तरी काढतो. सगळी काळजी घेऊनही थोडी चूक राहतेच. निळा रंग आणि किरणोत्सारी पदार्थ दोन्ही वापरलेल्या, ५,६११ स्त्रियांच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, ज्यांच्या काखेत खरोखर रोग होता अशांपैकी ९.८ टक्के स्त्रियांत पहारेकरी ग्रंथी मात्र निर्दोष आढळली. तरीही निव्वळ पहारेकरी ग्रंथी काढलेल्या स्त्रियांचे आयुष्य कमी झाले नाही, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले.

चमकणाऱ्या रंगाचे इतर दोषही सांगतो, कारण यंत्र विकणारे ते सांगणार नाहीत. लठ्ठ रुग्णात ग्रंथी खोल असते, एक सेंटिमीटरपलीकडचा प्रकाश बाहेर येत नाही. लसिकेची नळी चुकून कापली गेली तर रंग सांडतो आणि सगळे क्षेत्रच उजळते. रंगाचा कण लहान असल्यामुळे तो पहिल्या ग्रंथीत न थांबता दुसरी-तिसरीतही पोचतो, आणि नवशिका हात गरजेपेक्षा जास्त ग्रंथी काढून बसतो. कॅमेऱ्याची किंमत लाखांत आहे.

मग लाभ किती? गर्भाशयाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दोन्ही रंगांची समोरासमोर तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सापडलेल्या ४८५ ग्रंथींपैकी इंडोसायनिन ग्रीनने ४७१ दाखविल्या, निळ्या रंगाने २२६. म्हणजे ९७ टक्के आणि ४७ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत लसिकामार्ग पाहण्यासाठी या रंगाला औपचारिक मान्यता मिळाली. हाताच्या सुजेचे म्हणाल तर, केवळ पहारेकरी ग्रंथी काढलेल्या स्त्रियांत ती वीसातील एकीच्या आसपास येते. पाचातील एक कोठे आणि वीसातील एक कोठे!

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, पहारेकरी ग्रंथीत रोग सापडला तरी काख साफ करावीच लागते असे नाही. ८९१ स्त्रियांचा एक अभ्यास आहे. एक-दोन ग्रंथींत रोग, स्तन वाचवून गाठ काढलेली, नंतर रेडिएशनचा शेक दिलेला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांची काख साफ केली, निम्म्यांची केली नाही. दहा वर्षांनी काख साफ केलेल्यांपैकी ८३.६ टक्के आणि न केलेल्यांपैकी ८६.३ टक्के स्त्रिया हयात होत्या. २०२३ मध्ये युरोपातून १,४०५ स्त्रियांचा अभ्यास आला. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असून काखेची सोनोग्राफी निर्दोष असेल, तर पहारेकरी ग्रंथीही न काढता पाच वर्षांचा निकाल तेवढाच चांगला राहिला. म्हणजे ज्या रंगाचे मी एवढे कौतुक केले, त्याचीही काही स्त्रियांना गरज उरणार नाही. मला यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही.

पण स्तनाच्या बाबतीत खरे ते सर्वत्र खरे असे समजू नका. आपल्याकडे तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांमुळे तोंडाचा कर्करोग घरोघरी पोचला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तोंडाच्या प्रारंभीच्या कर्करोगाच्या ५०० रुग्णांचा निष्कर्ष २०१५ मध्ये जगापुढे ठेवला. मानेतल्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. रोग दिसेपर्यंत वाट पाहिली तर ६७.५ टक्के. येथे थांबणे महाग पडते. मात्र सुरुवातीला मान उघडलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या ग्रंथीत रोग नव्हताच. म्हणून तोंडाच्या कर्करोगातही पहारेकरी ग्रंथीचा मार्ग तपासला गेला, आणि फ्रान्स व जपानमधील अभ्यासांत तो मान साफ करण्याच्या तोडीचा ठरला.

खर्चाचे काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी त्यावर विचार केला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये शल्यचिकित्सकांनी आत्ता मी दाखविला तोच स्वस्त फ्लुओरेसीन, मेथिलीन ब्लू आणि साधा निळा एलईडी दिवा वापरून पहारेकरी ग्रंथी शोधून पाहिली आहे. टाटा रुग्णालयाने रंगाशिवायचाही मार्ग तपासला. काखेतून जाणाऱ्या एका ठरावीक मज्जातंतूच्या खालची चरबी व ग्रंथी तेवढ्या काढायच्या. ही रीत पहारेकरी ग्रंथीच्या बरोबरीची ठरते असे त्यांना २०१३ मध्ये आढळले. त्यासाठी यंत्र लागत नाही, शिकलेला हात लागतो.

खुद्द कर्करोगाची जागाच चमकवून दाखविणारे रंगही आता आले आहेत. अंडाशयाच्या कर्करोगासाठी असा एक रंग २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. स्तनातली गाठ काढल्यावर आत काही शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी दुसरा २०२४ मध्ये. त्यांची गोष्ट निराळी आहे, इंडोसायनिन ग्रीनशी त्यांची गल्लत करू नये.

शेवटी माता-भगिनींसाठी एक माहिती. मी आज सांगितलेले सर्व, काखेत हाताला ग्रंथी लागत नाही अशा अवस्थेतल्या स्त्रीसाठी आहे. आपल्याकडे बऱ्याच स्त्रिया येतात तेव्हा ग्रंथी एकमेकींना चिकटून काखेत गोळा झालेला असतो. गाठ दुखत नाही म्हणून थांबतात. पोरीचे लग्न उरकू दे म्हणून थांबतात. घरात कोणाला सांगायचे, म्हणून थांबतात. अशा वेळी सोनोग्राफी करून, सुईने ग्रंथीतला नमुना घेऊन बहुधा आधी केमोथेरपी देतात आणि मग शस्त्रक्रियेचे ठरवितात. गाठ लहान असताना आलात, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्या काखेची सोनोग्राफी झाली का? पहारेकरी ग्रंथी तपासण्याची सोय येथे आहे का, आणि नसेल तर जवळ कोठे आहे? सगळी काख साफ करणार असाल तर का? हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सोबत घरातले एक माणूस न्या. पट्टी आणि निळी बॅटरी मी येथेच टेबलावर ठेवतो आहे. ज्या विद्यार्थ्यांना पुन्हा पाहायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर पुढे यावे.